आमदार मोजायचा कशाने?

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्याचे गणपतराव देशमुख अवघ्या १९२ मतांनी पराभूत झाले. तोवर ते सात वेळा निवडून आले होते आणि वयाची अडुसष्ट वर्षे त्यांनी ओलांडली होती. त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) त्या निवडणुकीत राज्यभरात मिळून सहाच आमदार आले, आणि मंत्रालयात शिवसेना-भाजप युतीचे पहिले सरकार बसले. अशा वेळी राजकारणातला माणूस एक तर घरी बसतो, नाही तर ज्याचे सरकार असेल त्याच्याकडे हळूहळू सरकू लागतो. देशमुखांनी यांपैकी काहीच केले नाही. १९९९ साली त्याच पक्षाकडून, त्याच मतदारसंघात ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि त्यापुढच्या तिन्ही निवडणुकाही जिंकले. २०१४ साली ते अकराव्यांदा आमदार झाले तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावर तेव्हा बरेच लिहिले गेले. एसटीने प्रवास करणारे आमदार, साधी राहणी, निष्कलंक चारित्र्य हे सगळे त्यात आले आणि ते खरेही होते. परंतु त्या लेखनातील बहुतेकांचा सूर असा होता की, असा माणूस आता होणे नाही. हा सूर मला पटत नाही. एखाद्या लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीला संतचरित्राचे रूप दिले की तिच्यापासून काही शिकण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. पन्नासहून अधिक वर्षे एकच माणूस, एकाच पक्षाच्या चिन्हावर, बहुतांश काळ सत्तेबाहेर राहून एका दुष्काळी तालुक्यातून निवडून येत राहतो, ही घटना राजकीय आहे आणि तिची मीमांसाही राजकीय अंगानेच झाली पाहिजे. माझे म्हणणे असे की, आमदाराचे मोल ‘निधी किती आणला’ या एकाच मापाने ठरवण्याची जी सवय गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राला जडली आहे, ती किती चुकीची आहे हे सांगोल्याच्या या कारकिर्दीकडे नीट पाहिले तर कळते. आणि आज ज्या पक्षांतरांनी आपण व्यथित होतो त्यांचे मूळही बऱ्याच अंशी याच मापात आहे.

विक्रमाची गोष्ट आधी बाजूला ठेवतो. देशमुखांचा उल्लेख देशातील सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार असा अनेकदा केला जातो. तमिळनाडूचे एम. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले होते आणि केरळात के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले. तेव्हा तो दावा टिकत नाही, आणि तो टिकण्याची गरजही नाही. माणी अनेक सरकारांत अर्थमंत्री होते, करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले. देशमुखांच्या वाट्याला मंत्रिपद दोनदाच आले: एकदा शरद पवारांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात, जे जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८० एवढेच टिकले, आणि दुसऱ्यांदा १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, ज्यातून शेकाप मुदत संपण्याच्या बराच आधी बाहेर पडला. दोन्ही कालखंड जोडले तरी पाच वर्षे भरत नाहीत. उरलेली पंचेचाळीसहून अधिक वर्षे ते केवळ आमदार होते, म्हणजे ज्याच्या हातात सही करण्याचा अधिकार नाही आणि ज्याला फक्त विचारण्याचा अधिकार आहे असा माणूस. ही पंचेचाळीस वर्षे मला अकरा या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटतात.

ज्या पक्षात ते राहिले त्याची वाटचाल पाहिली की या राहण्याचे वजन कळते. १९४७ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी शेकाप उभा केला, दाभाडीच्या प्रबंधाने त्याला मार्क्सवादी बैठक दिली, आणि काही वर्षांतच हे दोन्ही संस्थापक काँग्रेसमध्ये परतले. तरीही पक्ष उरला. १९६७ साली त्याचे एकोणीस आमदार होते, कृष्णराव धुळपांसारखा विरोधी पक्षनेता त्याने सभागृहाला दिला, उद्धवराव पाटील, दि. बा. पाटील, एन. डी. पाटील यांसारखे अभ्यासू लोक दिले. नंतर पक्ष आटत गेला आणि २०१४ साली तीन जागांवर आला. म्हणजे देशमुख ज्या घरात राहिले त्या घराच्या भिंती त्यांच्या डोळ्यांदेखत खचत होत्या. पक्षाने आघाड्या केल्या, कधी काँग्रेसबरोबर, कधी तिच्याविरुद्ध, आणि त्यांतील काही टीकेला पात्रही होत्या. परंतु मतदाराने ज्या चिन्हासमोर शिक्का मारला किंवा कळ दाबली, ते चिन्ह निवडणुकीनंतर सांगोल्यात कधी बदलले नाही.

यावर सामाजिक समीकरणाचे उत्तर दिले जाते. सांगोला तालुक्यात धनगर समाज मोठा आहे, देशमुख त्याच समाजाचे होते, तेव्हा त्यात विशेष ते काय, असे विचारले जाते. या समीकरणाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जातीचे संख्याबळ १९७२ साली आणि १९९५ सालीही तेवढेच होते, आणि त्या दोन्ही वेळी ते पडले. १९७२ च्या पराभवानंतर महाराष्ट्राने शतकातील एक भीषण दुष्काळ पाहिला, सांगोला त्यात होरपळला, आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवले. मतदार हिशेब करत होता. तो हिशेब कशाचा होता, हा खरा प्रश्न आहे.

सांगोल्यात सगळे हिशेब पाण्यापाशी येऊन थांबतात. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते. नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर असे करत शेवटी सांगोल्याकडे येते, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, असलेल्या शेतकऱ्याचा अनुभव असा की आवर्तन (पाण्याची पाळी) सुटल्याची बातमी पाण्याच्या कितीतरी आधी पोहोचते. कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणायचे, ही मागणी जुनी होती. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, परंतु ते पाणी अडवण्याची आणि वापरण्याची तजवीज वर्षानुवर्षे झाली नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी तिथे जमू लागले, भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते समन्यायी पाणीवाटपाची मांडणी करू लागले, आणि गणपतराव देशमुख त्या व्यासपीठावर सातत्याने उभे राहिले. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांना गती आली. रस्त्यावर परिषद आणि सभागृहात प्रश्न अशी दोन्ही कामे एकाच माणसाने केली तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

इथे विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. पाणी आले खरे, पण किती उशिरा? देशमुख पहिल्यांदा निवडून आले तेव्हा जन्मलेले मूल टेंभूचे पाणी पाहीपर्यंत पन्नाशीला पोहोचले असेल. ते सत्ताधारी पक्षात असते, तर हे काम वीस वर्षे आधी झाले नसते का? सांगोल्यातील अनेक तरुणांनी हा प्रश्न पोटतिडकीने विचारला आहे आणि त्यांना कृतघ्न ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. ज्याच्या आईने टँकरच्या रांगेत आयुष्य काढले, त्याला तत्त्वनिष्ठेचे कौतुक सांगून समाधान होणार नाही.

तरीही या प्रश्नाचे उत्तर सांगोल्याच्या शिवेपलीकडे पाहिले की मिळते. आटपाडी, जत, मंगळवेढा, माण, खटाव या शेजारच्या दुष्काळी तालुक्यांनी दशकानुदशके बहुतांशी सत्ताधारी पक्षाचेच आमदार निवडून दिले. त्यांना पाणी आधी मिळाले का? नाही. त्यांचीही तीच वाट पाहण्याची कहाणी आहे, आणि जतच्या कित्येक गावांची तर ती अजूनही संपलेली नाही. विलंबाची कारणे आमदाराच्या पक्षात नव्हती. उपसा योजनांचा प्रचंड भांडवली खर्च, लवादाने दिलेले पाणी वापरण्याच्या मुदतीबद्दलची शासनाची दीर्घ उदासीनता आणि योजना पूर्ण झाल्यावरही थकलेल्या वीजबिलांमुळे बंद पडणारे पंप, ही ती कारणे होती. वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असा निर्णय झाला तेव्हा कुठे पंप नियमित चालण्याची शक्यता निर्माण झाली. हा निर्णय धोरणाचा होता, तो सगळ्या तालुक्यांसाठी होता, आणि असे निर्णय कुठल्याही आमदाराच्या निधीतून होत नसतात.

सांगोल्याच्या डाळिंबाची गोष्टही अशीच आहे. रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना महाराष्ट्रात १९९० च्या सुमारास सुरू झाली. रोजगार हमी योजना हीच मुळात सभागृहाने घडवलेली गोष्ट. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याच्या आधाराने खड्डे खोदून, रोपे लावून, शेततळी आणि ठिबक यांची जोड देऊन अजनाळे, महूद, जवळा या भागातील शेतकऱ्यांनी मुरमाड रानात डाळिंब पिकवले. डिसेंबर २०२० मध्ये देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. शेतकऱ्याच्या कष्टाचे श्रेय कुणी घेऊ नये, आणि फळबाग योजनेचे श्रेय एकट्या देशमुखांना देण्याचा माझा हेतू नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. या तालुक्याचे अर्थकारण ज्या गोष्टींनी बदलले त्या सभामंडपांतून, पेव्हिंग ब्लॉकमधून किंवा गावच्या कमानीतून आल्या नाहीत, त्या कायद्यातून आणि धोरणातून आल्या. कायदा आणि धोरण जिथे घडते ते सभागृह हेच आमदाराचे खरे शेत आहे.

या शेताची मशागत कशी करतात हे आज किती मतदारांना ठाऊक आहे? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, अशासकीय विधेयक, औचित्याचा मुद्दा ही अवजारे प्रत्येक सदस्याच्या हाती सारखीच असतात, मग तो सत्तेत असो वा नसो. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पुढे पाळले की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. सरकारी खर्चाची तपासणी लोकलेखा समिती करते आणि तिचे अध्यक्षपद संकेताने विरोधी पक्षाकडे असते. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या देशमुखांना ही सर्व अवजारे वापरता येत होती, आणि अर्थसंकल्पावरील त्यांची भाषणे दोन्ही बाजूंचे सदस्य ऐकत असत ती त्यामुळेच. आज मात्र आमदाराच्या वार्षिक कार्य अहवालात त्याने विचारलेल्या प्रश्नांना एखादे पान मिळाले तर मिळते, आणि भूमिपूजनांची छायाचित्रे उरलेली सगळी पाने व्यापतात.

याला निधीची रचना जबाबदार आहे. स्थानिक विकास निधी प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटी, म्हणजे सर्वांना सारखाच मिळतो. भेदभाव त्याच्या पलीकडे सुरू होतो. ग्रामविकास विभागाचे ‘२५१५’ हे लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातील खर्चाचे खाते), नगरविकासाचे विशेष अनुदान, पुरवणी मागण्यांत घुसवली जाणारी रस्त्यांची कामे, जिल्हा नियोजन समितीतील पालकमंत्र्याचा शब्द या वाटांनी सत्ताधारी आमदाराकडे जाणारा पैसा विरोधकाच्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि हे कोणत्या एका पक्षाचे पाप नाही. २०२२ साली सरकार बदलताच आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली. २०२३ साली विरोधी बाकांवरील एका आमदाराने निधीवाटपातील या भेदभावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि पुढच्या वर्षी तेच आमदार सत्ताधारी पक्षात दाखल झाले. त्या एका व्यक्तीला दोष देऊन आपली सुटका होत नाही. ज्या व्यवस्थेत विरोधी आमदाराच्या मतदारांना रस्त्यासाठी शिक्षा होते, ती व्यवस्था पक्षांतराला रोज आमंत्रण देते आणि वर त्याला ‘मतदारसंघाचा विकास’ हे सन्माननीय नाव देते.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली, परंतु दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मोकळी राहिली. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी ती धरली. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी त्याच पक्षाच्या उमेदवारांनी मंदिरात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली, आणि निवडून आल्यावर सहा-सात महिन्यांत अकरापैकी आठ जण पुन्हा त्याच वाटेने गेले. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ साली दोन पक्ष फुटले, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवसेनेच्या प्रकरणात दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. जिथे कायदा आणि शपथ दोन्ही अपुरे पडतात, तिथे मतदाराच्या मनातले माप हीच शेवटची अडवणूक उरते. तेच माप निधीचे असेल, तर पक्ष सोडणारा आमदार आपल्याच मापाने उत्तीर्ण होत असतो.

योगायोग असा की, २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे नाव देशभर पोहोचले ते तिथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांच्या गुवाहाटीहून झालेल्या दूरध्वनी संभाषणामुळे. झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचे त्यातील वर्णन घराघरांत म्हटले गेले. शहाजीबापू हे सांगोल्याच्या राजकारणातील जुने आणि लढवय्ये नाव आहे. १९९५ चे ते १९२ मतांचे विजेते तेच, आणि अनेक पराभव पचवून २०१९ साली जिंकलेलेही तेच. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण ज्या तालुक्याने अर्धशतक एका चिन्हाशी इमान राखलेला प्रतिनिधी पाहिला, त्याच तालुक्याच्या प्रतिनिधीला पक्षफुटीच्या दिवसांत राज्याबाहेर जाऊन राहावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि विनोदावर हसणाऱ्या महाराष्ट्राला त्या वाईट वाटण्याची आठवण कुणी करून दिली नाही याचेही.

देशमुखांच्या कारकिर्दीत दोष नव्हते असे नाही. एवढ्या विश्वासार्ह नेत्याभोवती पक्षाची दुसरी फळी उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही. सूतगिरणी, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, पण शेजारच्या तालुक्यांत लाल बावटा पसरला नाही. २०१९ साली त्यांनी थांबायचे ठरवले तेव्हा उमेदवारी त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांच्याकडे गेली. ते ७६८ मतांनी हरले. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. मतदारांनी कौल दिला आहे, तो मान्यच आहे. पण कष्टकऱ्यांच्या नावाने निघालेल्या पक्षाला उमेदवार घरातच शोधावा लागावा, ही त्या पक्षाची हार आहे, आणि एकनिष्ठेचा वारसा रक्ताने चालतो असा समज त्यातून पसरला तर गणपतरावांच्या पंचेचाळीस वर्षांवर तो अन्याय होईल.

दोन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात असे मला वाटते. स्थानिक विकास निधीखेरीज मतदारसंघनिहाय खर्च होणारा प्रत्येक रुपया लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि मागासलेपण यांच्या लेखी सूत्रानेच वाटला जावा, आणि ते सूत्र शासन निर्णयात न ठेवता कायद्यात असावे, म्हणजे सरकार बदलले की ते बदलणार नाही. दुसरे, प्रत्येक सदस्याची उपस्थिती, त्याने विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरे आणि प्रलंबित आश्वासने विधिमंडळाने दर अधिवेशनानंतर मतदारसंघनिहाय, साध्या मराठीत प्रसिद्ध करावीत आणि ती ग्रामसभेत वाचली जावीत. अंगणवाडीच्या पोषण आहाराचा हिशेब जर गावात फलकावर लागतो, तर आमदाराच्या कामाचा का लागू नये?

आज २८८ जणांच्या सभागृहात शेकापचा एकच सदस्य आहे, आणि तो सांगोल्याचा आहे. नीरा उजव्या कालव्याच्या टेलला या वर्षी किती आवर्तने पोहोचली, टेंभूच्या लाभक्षेत्रातील किती गावांत प्रत्यक्ष पाणी फिरले, डाळिंबावरील तेल्या आणि मर रोगांनी उद्ध्वस्त झालेल्या बागांसाठी शासनाने काय केले, हे प्रश्न एकटा सदस्यही विचारू शकतो. ते विचारले गेले का, कोणत्या तारखेला, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे अजनाळ्याच्या शेतकऱ्याला मुंबईला न जाता कळले पाहिजे.